इंजिनच्या पार्टची लाईन बंद होणार म्हणतात, मग कामगारानं काय करायचं? सातारा-सांगलीच्या कामगारांसाठी मार्गदर्शक

साताऱ्याच्या एमआयडीसीत इंजिन व्हॉल्व्हच्या लाईनवर मी सेटर होतो. शेड्यूल, म्हणजे ग्राहकाची मालाची मागणी, कमी होत गेलं, तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी, आणि शेवटी लाईनच बंद झाली. काहींना दुसऱ्या शॉपला घेतलं, काहींना कमी केलं. मी कमी झालेल्यांत होतो. त्या काळात माहिती तुकड्यातुकड्यानं मिळत गेली. थोडी युनियनच्या जुन्या माणसांकडून, थोडी कामगार कार्यालयातल्या बाकावर शेजारी बसलेल्याकडून, थोडी वकिलाकडून. कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर, तासवडे, शिरवळ, लोणंद इथल्या ज्या शॉपमध्ये विजेवरच्या गाड्या (ईव्ही) वाढतायत तशी आज तीच चिन्हं दिसतायत, तिथल्या भावाबहिणींना हे सगळं एका जागी मिळावं म्हणून लिहितोय.

बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवा: घाईघाईत राजीनाम्यावर सही करू नका. का, ते पुढे आकड्यांसकट सांगितलंय.

कोळशाच्या बाबतीत 'न्याय्य संक्रमण' हा शब्द आता बराच ऐकू येतो, म्हणजे उद्योग बदलताना कामगाराला वाऱ्यावर सोडायचं नाही. २०१५ च्या पॅरिस करारातच तो आला. जर्मनीनं दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं २००७ मध्ये ठरवलं आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. मधल्या ११ वर्षांत कोण निवृत्त होईल, कोणाला दुसरीकडे घ्यायचं, हे ठरवता आलं. आपल्याकडे झारखंडनं २०२२ मध्ये या कामासाठी टास्क फोर्स नेमला. चंद्रपूर-वणीच्या कोळसा कामगारांमागे निदान एक सरकारी कंपनी आणि देशपातळीवरचा वेतन करार आहे. कुपवाडच्या ४० माणसांच्या मशीन शॉपमागे काय आहे? म्हणून आपल्याला आहे त्या कायद्यांतूनच वाट काढायची आहे. तसा आपलाही कोळशाशी संबंध आहेच. आपल्या भागातल्या क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या, भट्ट्यांत कोळशापासून केलेला हार्ड कोक जळतो, आणि भट्टी विजेवर गेली की चार्जिंगवर माल टाकणाऱ्या माणसाचं कामही बदलतं.

## १. आपला पार्ट कुठल्या बाजूला आहे ते ओळखा

'ईव्ही आली, सगळं संपलं' हे खरं नाही आणि 'आपल्याला काही होत नाही' हेही खरं नाही. आपण कुठला पार्ट काढतो त्यावर ते ठरतं.

पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, फ्युएल इंजेक्शनचे पार्ट, सायलेन्सर, क्लच: हे बॅटरीवरच्या गाडीत लागतच नाहीत. ब्रेक ड्रम, डिस्क, हब, सस्पेन्शन, स्टिअरिंग, बेअरिंग, सीट, शीटमेटल, दिवे: हे लागणारच. गिअर मधोमध आहेत. पाच-सहा गिअरचा बॉक्स जातो, पण ईव्हीत एका टप्प्याचं रिडक्शन असतं आणि तिथं इंजिनाचा आवाज नसल्यानं गिअरचा आवाज लगेच कळतो. त्यामुळे ग्राइंडिंग अधिक बारीक लागतं. गिअर ग्राइंडिंगवर हात बसलेल्या माणसाला उद्याही मागणी आहे.

गाडी कुठली हेही बघा. आपल्याकडे विजेवर सगळ्यात आधी तीनचाकी गेल्या, मग दुचाकी. ट्रॅक्टर, जड ट्रक, जनरेटर यांची इंजिनं अजून बराच काळ चालतील. त्यामुळे एकाच नावाचा पार्ट दुचाकीसाठी काढणारा आणि ट्रॅक्टरसाठी काढणारा यांच्या हातातला वेळ सारखा नाही. कंपनीचा माल कुठल्या ग्राहकाला आणि कुठल्या मॉडेलला जातो हे डिस्पॅचच्या माणसाला विचारा. त्याला व्यवस्थापकाच्या आधी कळलेलं असतं.

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. प्रिया स्कूटर साताऱ्यातच बनायची. गिअरची स्कूटर बाजारातून गेली तसं ते कामही गेलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम आला आणि दुचाकीचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. दोन्ही वेळेला कामगाराला बाकी सगळ्यांच्या नंतर कळलं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

## २. कागद गोळा करा, आणि गेटच्या आत असतानाच करा

गेटपास काढून घेतला की एचआरचा फोनही लागत नाही. म्हणून नोकरी सुरळीत चालू असतानाच ही फाईल तयार ठेवा:

- नेमणूक पत्र, कायम केल्याचं पत्र, पगारवाढीची पत्रं
- पगाराच्या स्लिपा (निदान शेवटच्या वर्षाच्या सगळ्या) आणि पगार जमा होतो त्या बँक खात्याचं स्टेटमेंट
- ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो
- पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) आणि पासबुकाची प्रिंट
- ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) विमा क्रमांक आणि कुटुंबाची नावं लागलेलं कार्ड
- युनियनचा शेवटचा वेतन करार
- कंपनीनं दिलेल्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, स्किल मॅट्रिक्समधल्या (कोणाला कुठलं काम येतं त्या तक्त्यातल्या) आपल्या नावाची नोंद
- आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र

ठेकेदारामार्फत असाल तर आणखी एक काम करा. कुठल्या ठेकेदाराकडे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतो, ते वहीत लिहून ठेवा. माणूस त्याच मशीनवर राहतो आणि ठेकेदाराचं नाव बदलत राहतं, मग सर्व्हिस सिद्ध करताना पंचाईत होते. पीएफच्या पासबुकात महिन्यावार जमा दिसते आणि कुठल्या आस्थापनेनं भरलं तेही दिसतं. यापेक्षा भक्कम पुरावा सहसा हाती लागत नाही.

नावातला फरक आजच दुरुस्त करा. आधारवर 'ज्ञानदेव', पीएफला 'ज्ञानेश्वर' आणि बँकेत नुसतं आद्याक्षर, अशा माणसाचे स्वतःचे पैसे महिनोन्महिने अडकतात. दुरुस्तीला कंपनीची मान्यता लागली तर ती कंपनी चालू असतानाच मिळते.

## ३. कायद्याच्या नजरेत तुम्ही कोण ते पाहा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत गेला. आपल्या कामाचं एवढं:

वर्षाची सलग सर्व्हिस. १२ महिन्यांत २४० दिवस भरले की कमी करताना नोटीस आणि भरपाई दोन्हींचा हक्क लागतो. 'ब्रेक' देण्यामागचं कारण पुष्कळदा हेच असतं.

३०० ची रेघ. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागते. पूर्वी केंद्राच्या कायद्यात ही रेघ १०० वर होती. आपल्याकडचे बहुतेक व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे कारखाने, ३०० च्या आत आहेत. त्यांना परवानगी लागत नाही, पण नोटीस आणि भरपाई लागतेच. '३०० पेक्षा कमी आहेत म्हणून काही देणं नाही' असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. ५० किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा तर सरकारला ६० दिवस आधी कळवावं लागतं.

सुपरवायझर. देखरेखीचं काम आणि महिना १८,००० रुपयांच्या वर वेतन असलेला माणूस 'कामगार' या व्याख्येतून बाहेर जातो. लाईन डळमळीत असताना अचानक 'तुम्हाला सुपरवायझर करतो' म्हणाले तर आनंदाच्या भरात सही करू नका, कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते वाचा. प्रत्यक्षात मशीनच चालवत असाल तर पदाच्या नावानं हक्क जात नाही, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

ठरावीक मुदतीची नेमणूक. मुदत संपली म्हणून काम थांबलं तर ती छाटणी (कामगार कमी करण्याला कायद्यातला शब्द) धरत नाहीत. कायम माणसाला 'नवीन कंपनीच्या नावानं फिक्स टर्मचं पत्र घ्या' असं सांगितलं जात असेल तर आधीच्या सगळ्या सर्व्हिसचं काय, हे लेखी मागा. फिक्स टर्मवाल्याला मात्र एक वर्ष भरलं की प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, हा नवा हक्क आहे.

ठेका कामगार. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ठेकेदार पळाला म्हणून गप्प बसू नका.

## ४. कंपनी अजून चालू असेल तर करारात हे मागा

युनियन असेल तर पुढच्या मागणीपत्रात फक्त पगारवाढ लिहू नका. मला आज सगळ्यात जास्त कशाची तळमळ वाटत असेल तर ती याची. लाईन बंद झाल्यावर भांडून जे मिळतं त्याच्या कितीतरी पट लाईन चालू असताना करारात लिहून घेता येतं. पुढची कलमं मागा:

- कुठलीही लाईन बंद करायची तर निदान एक वर्ष आधी लेखी सूचना
- नवीन पार्टचं काम (मोटर शाफ्ट, अॅल्युमिनियम हाउसिंग, बॅटरी पॅक) आलं तर आधी जुन्या कामगारांना प्रशिक्षण, मग बाहेरची भरती
- प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारावर
- दुसऱ्या शॉपला बदली झाली तरी सर्व्हिस आणि मूळ पगार कायम
- नवं युनिट चाकण किंवा दुसऱ्या जिल्ह्यात निघालं तर तिथं जायची इच्छा असणाऱ्यांना पहिला हक्क
- ठेक्यावर वर्षानुवर्षं असलेल्यांची यादी, आणि त्यांनाही प्रशिक्षणात जागा

शेवटच्या मुद्द्यावर कायम कामगारांमध्येच कुरकुर होते. पण ठेक्यावरची पोरं आणि वायरिंग, असेंब्लीवरच्या बायका सगळ्यात आधी बाहेर पडतात, तेही एका फोनवर. त्यांना बाहेर ठेवून केलेल्या कराराला मी तरी न्याय्य म्हणणार नाही.

युनियन नसेल तर दहा-पंधरा जणांनी मिळून सह्या करून व्यवस्थापनाला पत्र द्यावं: 'पुढच्या दोन वर्षांचं या लाईनचं नियोजन काय आहे ते कळवावं.' उत्तर नाही आलं तरी पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.

## ५. राजीनाम्याचा कागद पुढे आला तर

हे असं होतं. एकेकाला केबिनमध्ये बोलावतात. 'कंपनीची परिस्थिती बघताय. आज सही केली तर लगेच चेक, नाही तर वर्षभर कोर्टात फिराल.' कागदावर लिहिलेलं असतं की मी वैयक्तिक कारणानं राजीनामा देत आहे.

त्या एका ओळीनं काय काय जातं ते बघा. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती ही छाटणी नाही, म्हणून छाटणीची भरपाई नाही, नोटीस पगार नाही, पुनर्कौशल्य निधीचे (कमी केलेल्या माणसाला नवं काम शिकण्यासाठी मिळणारे) पैसे नाहीत आणि ईएसआयचा बेकारी भत्ताही नाही. कमी केलेल्या माणसाला वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर अग्रक्रम असतो, तोही जातो.

केबिनमध्ये एवढंच म्हणा: 'कागदाची प्रत द्या, घरी दाखवून दोन दिवसांत सांगतो.' भांडू नका, आवाज चढवू नका. प्रत देत नसतील तर तिथंच बरंच कळलं. दबावाखाली सही झालीच असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं कंपनीला कळवा की सही दबावाखाली घेतली आहे, राजीनामा मागे घेत आहे, आणि त्याची प्रत कामगार कार्यालयात द्या. यात उशीर झाला की बाजू कमजोर होते.

स्वेच्छानिवृत्तीचं पॅकेज नेहमी वाईटच असतं असं नाही. वय ५५ च्या पुढे असेल आणि रक्कम खरंच मोठी असेल तर ते फायद्याचंही ठरतं. पण 'हो' म्हणण्याआधी पुढचा हिशेब करा.

## ६. हिशेब स्वतः मांडा

समजा सर्व्हिस १४ वर्षं ७ महिने, बेसिक आणि डीए मिळून १८,०००, सरासरी पगार २०,०००.

- छाटणी भरपाई: दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १५ वर्षं. ढोबळमानानं १,५०,००० रुपये.
- ग्रॅच्युइटी: १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १५ वर्षं. १,५५,७६९ रुपये.
- नोटीस पगार: एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर २०,०००.
- पुनर्कौशल्य निधी: शेवटच्या वेतनाप्रमाणे १५ दिवसांचं वेतन, साधारण १०,०००. छाटणीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवं.

एकूण ३,३५,००० च्या पुढे. शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि थकलेला पगार वेगळा. आता कोणी 'चार लाखांचं पॅकेज' म्हणालं तर पहिला प्रश्न: यात ग्रॅच्युइटी धरली आहे का? धरली असेल तर जास्तीचे जेमतेम ६५,००० मिळतात, आणि त्या बदल्यात पुढच्या मुद्द्यातला ईएसआयचा हक्क सोडावा लागतो.

कमी केल्यावर पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर व्याज लागतं.

कारखाना बंद होताना 'परिस्थिती हाताबाहेरची आहे, म्हणून तीनच महिन्यांची भरपाई' असंही ऐकवतात. तोटा झाला किंवा माल पडून राहिला हे कारण कायद्यात 'हाताबाहेरचं' धरलं जात नाही.

कमी कोणाला करायचं यालाही नियम आहे. त्या वर्गात जो शेवटी लागला तो आधी जातो. उलटं केलं तर कारण नोंदवावं लागतं. ज्येष्ठता यादी लावली का, ते पाहा.

## ७. ईएसआय आणि पीएफ

ईएसआयचं कार्ड आपण फक्त दवाखान्यासाठी वापरतो. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना हे नाव शॉपमध्ये दहातल्या एकालाही माहीत नसतं. कारखाना बंद झाला किंवा छाटणी झाली आणि दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर जास्तीत जास्त २४ महिने बेकारी भत्ता मिळतो. पहिलं वर्ष वेतनाच्या ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के. वरच्या उदाहरणात महिना साधारण १०,००० आणि नंतर ५,०००, म्हणजे पूर्ण मुदतीत १,८०,००० रुपयांच्या आसपास. त्या काळात कुटुंबाचा औषधोपचारही चालू राहतो. हा फायदा २१,००० पर्यंत वेतन असलेल्या, विमा लागू असलेल्या कामगाराला आहे. कमी केल्याचं कारण लिहिलेलं पत्र यासाठी लागतंच, म्हणून ते पत्र मिळाल्याशिवाय सेटलमेंट संपवू नका.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत ५० टक्के मिळतात. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा अर्जाआधी शाखेत विचारा.

पीएफ लगेच काढू नका. विशेषतः सर्व्हिस १० वर्षांच्या आत असेल आणि पेन्शनचा हिस्साही काढून घेतला, तर ती वर्षं गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवून १० झाली की पेन्शनचा हक्क लागतो. कंपनीनं 'नोकरी सोडल्याची तारीख' भरली नाही म्हणून अडलं असेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती तारीख सदस्य स्वतः ऑनलाईन भरू शकतो.

## ८. हातातलं कसब कुठं चालेल

चाळिशीतल्या माणसाला 'कोडिंग शिका' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्या कसबाच्या शेजारचं काम शोधा. सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) सेटरला अॅल्युमिनियम हाउसिंगचं मशीनिंग जमतं, फक्त क्लॅम्पिंग आणि टूलचा विचार बदलतो. क्वालिटीच्या माणसाला सगळीकडे जागा आहे. मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला तर आपल्याच जिल्ह्यांत कामं आहेत: वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या, घरांवरचे आणि शेतीपंपांचे सोलर, साखर कारखाने. फौंड्रीतल्या मोल्डरला पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगकडे जाता येतं, किर्लोस्करवाडी काही लांब नाही.

बॅटरीच्या कामाला जायचं तर सुरक्षेचं प्रशिक्षण आधी घ्या. चारचाकीची बॅटरी सुमारे ४०० व्होल्टची असते, तिचा धक्का जीव घेऊ शकतो. हातमोजे आणि लॉकआउट (काम चालू असताना वीजपुरवठा बंद ठेवणारं कुलूप) न देता पॅकवर काम सांगणाऱ्या शॉपमध्ये थांबू नका.

प्रमाणपत्र नसलेल्या अनुभवी माणसासाठी पूर्वज्ञान मान्यतेची, म्हणजे आरपीएलची, सोय आहे. तुम्हाला येतंय तेच तपासून सरकारी प्रमाणपत्र मिळतं. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करा. आयटीआयला आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा ट्रेडही आहे, मुलाला घालायचा विचार असेल तर उपयोगी. प्लेसमेंटची हमी देऊन ४०-५० हजार मागणाऱ्या खासगी 'ईव्ही इन्स्टिट्यूट'ला पैसे देण्याआधी त्यांच्याकडून लागलेल्या दोघांशी तरी प्रत्यक्ष बोला.

स्वतःचं काम काढायचं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार कर्ज-अनुदान योजनेत उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान गटाप्रमाणे १५ ते ३५ टक्के. भरपाईची सगळी रक्कम एकाच जुन्या मशीनमध्ये घालू नका, निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा. कर्जाचा हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, चुकल्यानंतर तीच बँक वेगळं बोलते.

## ९. तक्रार कुठं आणि कधीपर्यंत

कामगार आयुक्तालयाचं कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. अर्ज साध्या मराठीत चालतो: मी कोण, कधीपासून, काय काम, शेवटचा पगार, काय घडलं, काय मागतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तिथं मिटलं नाही तर प्रकरण न्यायाधिकरणाकडे जातं. घटनेपासून दोन वर्षांच्या आत समेटाकडे जायला हवं, आधीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षं आहेत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

एकट्यानं जाण्यापेक्षा ज्यांना कमी केलंय त्या सगळ्यांनी एकाच दिवशी जा, अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा द्या, कारण प्रत्येकाची सर्व्हिस आणि हिशेब वेगळा असतो. वकील लागला तर कामगार न्यायालयातच रोज काम करणारा बघा, आणि 'मिळालेल्या रकमेत वाटा' अशी बोलणी करण्यापेक्षा फी आधी ठरवून घ्या. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना तिथं मोफत वकील मिळू शकतो. तिथंही वरचीच फाईल घेऊन जा.